डावीकडे चाळीस, उजवीकडे पंचवीस

३ नोव्हेंबर, सोमवार

कोल्ड स्टोरेजमधली एक जुनी नोंदवही घरी आणली आहे. वेळ, तापमान, शेरा, सही असे रकाने छापलेले आहेत. सत्तावीस वर्षं याच रकान्यांत लिहीत आलो, दुसऱ्या वहीत हात चालायचा नाही. आज मात्र रकाने ओलांडून लिहितोय.

टिटवीला सकाळी काचेच्या खोलीत हलवलं. तिला रक्ताचा आजार आहे. गेल्या आठवड्यात औषधांनी तिच्या हाडांतला सगळा जुना माल रिकामा केला (डॉक्टर वेगळ्या शब्दांत सांगतात, मला असंच समजतं) आणि आज दुपारी दुसऱ्या कुणाच्या तरी नव्या पेशी पिशवीतून दिल्या. त्या रुजेपर्यंत साधी सर्दीसुद्धा तिला भारी पडेल. म्हणून आत कुणी जायचं नाही. चार ते पाच काचेबाहेर उभं राहून फोनवर बोलायचं. खोलीत तापमान २४, हवा गाळलेली, दिवसरात्र एकसारखी. काम जाणणाऱ्या माणसांनी केलेली व्यवस्था आहे, पाहून बरं वाटलं.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नाही. लहानपणी रडायला लागली की चार घरं जागी व्हायची, म्हणून शेजाऱ्यांनी ठेवलेलं. आता वीस वर्षांची आहे आणि तिचं बोलणं ऐकायला फोन कानाला घट्ट दाबावा लागतो.

"बाबा, मास्तरला कुणाकडे तरी देऊन टाका," ती म्हणाली. "मला डॉक्टरांनी..."

"मी जिवंत असताना दुसऱ्या कुणाकडे कशाला? तू घरी येशील तेव्हा ठणठणीत मास्तर तुझ्यापुढे उभा करतो. शब्द देतो तुला."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि "बरं" म्हणाली.

मास्तर म्हणजे तिचा सरडा. हातभर लांब, हनुवटीखाली काट्यांची दाढी. समोर कुणी आलं की 'हं, पुढे वाच' म्हटल्यासारखी मान वरखाली करतो, म्हणून मास्तर. तिची आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यात ती त्याला घेऊन आली. तीन वर्षांत मी त्याच्या पेटीकडे धड पाहिलंही नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पेटी तपासली. चार फूट लांब, काचेची, वर जाळीचं झाकण. काचेवर टिटवीच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे: "डावीकडे ४०. उजवीकडे २५. ट्यूब बारा तास. रात्री सगळं बंद."

थर्मामीटर लावून पाहिला. खरंच डावीकडे चाळीस आणि उजवीकडे पंचवीस. चार फुटांत पंधरा अंशांचा फरक! एकच दिवा, तोही एका टोकाला दगडावर रोखलेला, आणि रात्री तोही बंद. पोरीने बिचारीने दोष बरोबर टिपून काचेवर लावला होता, मला मात्र कधी सांगितलं नाही. बाप सत्तावीस वर्षं तापमानाच्या धंद्यात आणि लेकीच्या पेटीची ही दशा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी चार नंबरच्या खोलीत एक कोपरा तीन अंशांनी गरम राहिला होता. मी तो शेऱ्यात लिहिला नाही, म्हटलं एक कोपरा तर आहे. महिन्याने दार उघडलं तर दोनशे पेट्या सफरचंदं काळी पडलेली. तो वास अजून नाकात आहे. तेव्हापासून माझ्या खोल्यांत कोपरा नसतो, म्हणजे असतो पण थर्मामीटरला तो कळत नाही.

आता तिची पेटी अशी करतो की तिने बघत राहावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काम फत्ते. आमच्या मशीनरूमच्या मिस्त्रीने जुना थर्मोस्टॅट दिला. "सरड्यासाठी?" तो हसत सुटला. "अरे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. तुझं कुंपण चार फुटांचं, त्याला थर्मोस्टॅट कशाला?" हसू दे.

दिवा काढून उजेड न देणारे दोन सिरॅमिक हीटर बसवले, दोन्ही टोकांना एकेक. हवा फिरायला कॉम्प्युटरचा लहान पंखा. मधला दगड आड येत होता, तो काढला. तीन बाजूंना थर्मोकोल. जाळीतून ऊब निसटत होती, म्हणून जाळीवर काच ठेवली आणि ट्यूब काचेच्या वर घेतली. चाळीस आणि पंचवीस यांच्या मधलं बत्तीस धरलं.

चार कोपरे, चार थर्मामीटर. सकाळी सहाला ३२, ३२, ३२, ३२. दुपारीही तेच. सत्तावीस वर्षांत इतकी सरळ रेघ मी कोल्ड स्टोरेजमध्येही काढलेली नाही.

टिटवीला फोनवर सांगितलं, "मास्तर मजेत. पाच किडे खाल्ले." पेटीचं सांगितलं नाही, घरी आल्यावर बघेल. ती म्हणाली, "मीही जेवले. सगळं ताट संपवलं."

१० नोव्हेंबर, सोमवार

अक्का आली. माझी थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत राहते. मास्तरच्या खाण्याचे जिवंत रातकिडे डब्यात असतात. तिने साखरेचा म्हणून तो उघडला. पुढचा अर्धा तास ती पलंगावर उभी आणि मी गुडघ्यांवर.

"आयुष्यभर घरातले किडे मारले रे," वरून म्हणते, "आता म्हातारपणी ते मोजून डब्यात भरते आहे."

शेवटचे दोन सापडले नाहीत, कपाटामागून ओरडतायत. फार दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला. टिटवीला सांगितल्यावर तीही हसली आणि हसता हसता खोकला लागला, मग सिस्टरने फोन ठेवायला लावला. मी उगीच सांगितलं.

मास्तरने दोनच खाल्ले. टिटवीच्या रक्तात पांढऱ्या पेशी शून्य.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मास्तरने आज काहीच खाल्लं नाही. मान हलवली नाही. तापमान चोख आहे. मग काय झालं?

टिटवीच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत. टोपी घालून बसली होती. पहिला प्रश्न मास्तरचाच. मी म्हणालो, सहा खाल्ले. तोंडातून आपोआप निघालं. तीही म्हणाली की आज सूपसुद्धा संपवलं. निदान तिचं तरी व्यवस्थित चाललं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याची दाढी काळी पडली आहे. तोंड उघडं ठेवून काचेला पोट लावून पडून असतो. कालपर्यंत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचा, मग तिसऱ्या, मग परत पहिल्या. काय शोधत होता कुणास ठाऊक. आज तेही बंद.

थंडी वाजत असेल म्हणून चौतीस केलं, तर तोंड आणखी उघडलं. मग तीस केलं, तर डोळे मिटून घेतले. परत बत्तीस. प्रत्येक वेळी चारही कोपरे अचूक एकसारखे. आगीतून फुफाट्यात, फुफाट्यातून आगीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

टिटवीला ताप, ३८.६, म्हणजे एकशे एकच्या वर. पेशी शून्य.

सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "काका, तिला जरा खायचं सांगा ना. तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, "अहो, ती सगळं ताट संपवते. रोज सांगते मला."

सिस्टर माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि आत गेली. बिचाऱ्यांना एवढे पेशंट, होत असेल गोंधळ.

टिटवीला सांगितलं, मास्तरने सात खाल्ले. हे खोटं एकेकाने वाढत चाललंय. कमी करायची हिंमत होत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. ती पडून होती, फोन उशीवर ठेवलेला. म्हणाली, "मास्तर आत्ता कुठल्या बाजूला बसलाय?"

"कुठेही बसतो. आता सगळीकडे सारखंच आहे."

"सारखं म्हणजे?"

मग राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. बत्तीस, चार कोपरे, सरळ रेघ. खूश होईल वाटलं होतं. ती उठून बसायला लागली आणि तिला बसता येईना.

"बाबा, आत पंखा लावलात का?"

मी पंख्याचं बोललोच नव्हतो. कसं कळलं विचारायच्या आत तिला उलटी झाली आणि सिस्टरने पडदा ओढला. पडद्याबाहेर मी पाच वाजेपर्यंत उभा होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ताप ३९.४. भेट नाही, फोन नाही. औषध बदललं आहे. डॉक्टर म्हणाले, "आजची आणि उद्याची रात्र जाऊ द्या."

घरी आलो तर मास्तरचा मागचा पाय थरथरतो आहे. हातात घेतला तेव्हा डोकं माझ्या अंगठ्यावर टेकलं, वर उचललंच नाही. मी शब्द दिलाय. ती बाहेर येईल आणि पहिलं काय विचारेल हे मला माहीत आहे. ती बाहेर येईल ना? हे लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलेलं आमच्याकडे खोडत नाहीत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई सापडल्या. मास्तरला बुटांच्या खोक्यात, गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून नेलं. बरोबर पेटीचे फोटो आणि नोंदवही. नोंदी पाहून त्या म्हणाल्या, "इतक्या व्यवस्थित नोंदी मी कधी पाहिल्या नाहीत." मला बरं वाटलं. मग त्यांनी त्याच्या हनुवटीखाली बोट दाबलं आणि माझा हात धरून मलाही दाबायला लावलं. जबडा मऊ लागला.

"ट्यूब किती जुनी?"

"चांगली पेटते."

"पेटते म्हणजे काम करते असं नाही. याला लागतात ते किरण आपल्याला दिसत नाहीत. ते वर्षभरात संपतात, नुसता उजेड उरतो. त्यात तुम्ही मध्ये काच घातलीत. काचेतून ते खाली उतरतच नाहीत. त्याशिवाय याची हाडं उभी राहत नाहीत."

टिटवी मार्चपासून आजारी आहे. ट्यूब बदलायचं तिच्याकडून राहून गेलं असणार. आणि उरलंसुरलं मी केलं.

"पण तापमान तर एकसारखं..."

"तेच तर." त्या आवाज न चढवता बोलत होत्या, त्याचाच जास्त त्रास झाला. "काका, याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. खाल्लेलं पचवायला तो उन्हात जातो, पुरे झालं की सावलीत येतो. दिवसभर त्याचं हेच काम. रात्री त्याला गारवा लागतो. तुमचं बत्तीस ना धड ऊन ना धड सावली. तुम्ही त्याला जायला कुठे जागाच ठेवली नाहीत."

मी टिटवीच्या कागदाबद्दल सांगितलं. डावीकडे चाळीस, उजवीकडे पंचवीस, रात्री सगळं बंद.

"मग मुलीने सगळं बरोबर लिहून ठेवलं होतं की!"

कोल्ड स्टोरेजच्या दारावर जो कागद असतो त्यावर झालेल्या तापमानाची नोंद असते. काय दोष आहे तो वाचायचा आणि दुरुस्त करायचा. तिचा कागद मी तसाच वाचला. ती नोंद नव्हती. तिने ती सूचना लिहून ठेवली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तेरा दिवस मी त्या जिवाला माझ्या अभिमानात कोंडून ठेवलं.

वाचेल का विचारलं. म्हणाल्या, निम्मी आशा. थेंब-थेंब औषध, नवी ट्यूब, आणि पेटी होती तशी.

संध्याकाळी पंखा काढला, काच काढली, थर्मोकोल काढला. दगड परत जागेवर ठेवला. दिवा लावला. कागद दमटपणाने ओला झाला होता, तो पुसून परत चिकटवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ताप ३८.५. फोनला परवानगी मिळाली. काचेपलीकडे अंथरुणात काही आहे की नुसती चादर हे पहिल्यांदा कळेना.

मी ठरवून गेलो होतो, तरी दोन वेळा हवापाण्यावरच बोललो. मग म्हणालो, "टिटवे, मी खोटं बोललो. मास्तरने नऊ दिवस काही खाल्लेलं नाही. माझ्यामुळे झालं. वाचेल की नाही माहीत नाही."

"कळलं होतं मला," ती म्हणाली. "सगळीकडे सारखं म्हणालात तेव्हाच."

मी डोळे वर केले नाहीत.

"बाबा, मीही नाही खाल्लं. ताट तसंच परत जातं. पहिल्या आठवड्यापासून."

मी विचारलं, मग रोज मला का सांगायचीस.

"तुम्ही मास्तरचं सांगताना इतके खूश असायचात."

मग ती डोळे मिटून, थांबत थांबत बोलली. म्हणाली, "आई गेल्यावर मी त्याला आणलं ना, तेव्हा त्या डाव्या दिव्याखाली हात धरून बसायचे. कॉलेजमधून आलं की पहिलं तेच. घरात तेवढाच एक कोपरा गरम होता."

हे असं का म्हणाली कळलं नाही. त्या हिवाळ्यात प्रत्येक खोलीत हीटर होता, मीच लावले होते. तिची आई गेल्यावर घरात काही बदललंय असं मी एक दिवसही वाटू दिलं नाही. जेवणाच्या वेळा त्याच, पडदे तेच, तिच्यासमोर डोळ्यांत एकदाही पाणी आणलं नाही. तापाच्या भरात बोलली असेल. तरी येताना ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

मी निघताना तिने सिस्टरकडून चमचा मागितला. मला दाखवून एक चमचा सूप घेतलं. "जाऊन मास्तरला सांगा, मी घेतलं." दोन मिनिटांत उलटून पडलं. तिने परत चमचा मागितला.

मी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, काचेला डोकं लावून रडलो. तिने पाहिलं. मी तोंड फिरवलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मास्तर तसाच. पेशी शून्य.

आता ड्रॉपरने औषध अक्काच देते. जिला पालीची नुसती सावली दिसली तरी किंचाळी फुटते, ती त्याला पदरात धरून बसली होती. "घे रे बाबा, घे," म्हणत. "माझी पोर तिकडे तुझ्या नावावर चमचे गिळते आहे."

मास्तरने थेंब गिळला की बाहेर ओघळला, आमच्या दोघांचं एकमत होईना.

२३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांनी खोलीत बोलावून बसवलं. बसा म्हणाले तेव्हाच पाचावर धारण बसली. वीस दिवस झाले. नव्या पेशी रुजायच्या तर एव्हाना काहीतरी दिसायला हवं होतं. आणखी चार दिवस वाट बघायची. नाहीतर परत पहिल्यापासून, आणि तेवढी ताकद तिच्यात आहे का, ते सांगता येत नाही.

मी विचारलं, मी काय करू? म्हणाले, तुमच्या हातात काही नाही.

सत्तावीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. काहीतरी बिघडलं की माझ्या हातात पाना असायचा.

फोनवर ती तीन चमचे म्हणाली. खरंच तीन होते, सिस्टरने बोटं दाखवली. मी सांगितलं, मास्तर शून्य. तेही खरंच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ९.५०. मास्तर उजवीकडे, हालचाल नाही.

१०.४०. पुढचे दोन पाय दगडावर.

१०.५५. दगडावर चढला. दिव्याखाली. पोट टेकलं, अंग पसरलं. दाढीचा काळा रंग उतरतो आहे असं अक्का म्हणते, मला तसं वाटत नाही.

१२.१५. दगडावरून स्वतः उतरला. चार फूट चालून उजवीकडे, सावलीत गेला. मध्ये दोनदा बसला.

खाल्लं काहीच नाही. पण गेला. त्याला ऊब पुरे झाली आणि तो उठून गेला. आम्ही दोघं म्हातारी पेटीसमोर हात जोडून बसलो होतो. बघणाऱ्याने वेड्यांत काढलं असतं.

टिटवीला वेळेसकट वाचून दाखवलं. तिने १२.१५ची नोंद दोनदा वाचायला लावली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पेशी ०.१.

सिस्टर म्हणाली, लगेच आनंद करू नका, एखाद्या वेळी मोजणीतही एवढा फरक येतो. मी आनंद केला नाही. जिन्यात जाऊन बसलो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

०.३. मास्तरने एक किडा खाल्ला. तो कपाटामागचाच असावा, आपणहून पेटीजवळ आला होता. अक्का म्हणते, इतके दिवस ओरडून ओरडून त्याने स्वतःचं मरण बोलावलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

०.९. ताप नाही. मास्तर तीन किडे. टिटवी अर्धी वाटी.

डॉक्टरांनी घरी नेण्याची यादी हातात दिली. पाणी उकळून, फुलझाडं नकोत, गर्दी नको. मग पेन एका ओळीवर थांबलं. "घरी सरडा होता ना? दिलात ना कुणाला?"

मी म्हटलं, का?

"अहो, यांच्या अंगावर जंतू असतात. धडधाकट माणसाला काही होत नाही, पण हिला एकाच तापात नेतील. सरडा, कासव, पक्षी, एक वर्ष तरी घरात नाही. ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तिलाच. म्हणाली, बाबांना मी सांगते."

घरी येऊन ३ नोव्हेंबरचं पान उघडलं. "मला डॉक्टरांनी..." तिने सांगायला सुरुवात केली होती आणि मी तिला शब्द दिला. नोंद माझ्याच अक्षरात आहे.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की आपण घरी जाऊ तेव्हा मास्तर तिथे नसणार. तरी रोज विचारत होती. तरी त्याच्यासाठी चमचा उचलत होती.

१ डिसेंबर, सोमवार

कुणाला द्यायचा? डॉक्टरीणबाईंकडे जागा नाही. अक्का म्हणाली, माझ्याकडे ठेव, पण ती रोज टिटवीकडे येणार, ते चालायचं नाही. दोन दिवस जीव टांगणीला. शेवटी मिस्त्री म्हणाला, "इकडे आण."

मशीनरूमच्या पलीकडे त्याची खोली आहे. रिकामी, कोरडी, खिडकी असलेली. भिंतीपलीकडे मशीनं चालतात, म्हणून हिवाळ्यातही हात आखडत नाहीत. इतकी वर्षं मी त्या खोलीला 'वाया गेलेली ऊब' म्हणत आलो.

"कोल्ड स्टोरेजमध्ये सरडा," मिस्त्री म्हणाला. "साहेब लोकांनी विचारलं तर सांगू, तापमान तपासायला ठेवलाय."

पेटी दोघांनी उचलून नेली. मिस्त्रीने कागद वाचला आणि विचारलं, हे झालेलं तापमान आहे की ठेवायचं? तोही याच धंद्यातला. मी त्याला नीट समजावलं आणि वर मोठ्या अक्षरात 'सूचना' असं लिहिलं. कामाचे कपडे तिथेच बदलायचे, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच घरी यायचं, हेही ठरलं.

अक्काने घर तीनदा धुतलं.

६ डिसेंबर, शनिवार

टिटवी घरी आली. चाळीस किलो. शंभर दिवस होईपर्यंत कुणीही कसलीही खात्री देत नाही. जिना चढायला अकरा मिनिटं लागली.

मास्तरच्या पेटीची जागा रिकामी पाहून ती उभी राहिली. मी म्हणालो, "तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही." तिने माझ्या बाहीला धरलं, फार जोर नव्हता. मिस्त्रीने दुपारी काढलेला फोटो दाखवला. "डावीकडे बसलाय," ती म्हणाली, आणि मग रडली. लहानपणीसारखी, मोठ्याने, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. अक्का दार लावायला धावली. मी म्हटलं, राहू दे उघडं.

८ डिसेंबर, सोमवार

तिच्या खोलीत चार कोपऱ्यांत चार थर्मामीटर लावले होते. २४, २४, २४, २४. सवय जात नाही. आज सकाळी पाहिलं तर तिने खुर्ची ओढत पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी, उन्हात नेलेली. अकराच्या सुमाराला आतल्या गार खोलीत जाऊन पडली. दुपारी परत खिडकीत. मी दोनदा तिच्या मागे शाल घेऊन जायला उठलो आणि दोनदा बसलो.

मग मी तिच्या खोलीत जाऊन तीन थर्मामीटर काढले. चौथा राहू दिला, इतकं लगेच जमणार नाही.

संध्याकाळी तिच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. तिचंच अक्षर, जरा वाकडं: "सकाळी भीती वाटते. दुपारी बरं. जेवण निम्मं. आईची आठवण येते. मास्तरची पण."

मी चष्मा लावून दोनदा वाचला. हात खिशातल्या पेनाकडे गेला होता, तो तिथेच थांबवला. दारातूनच विचारलं, "टिटवे, ही सूचना आहे की नोंद?"

"नोंद आहे, बाबा," ती आतून म्हणाली. "दुरुस्त नाही करायची. वाचायची फक्त."

मी तिथेच उभा राहून पुन्हा वाचलं. मग पेन काढलं आणि तिच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "मलाही." आणि सही केली.